काठी अर्ध्यावर आली की एका बाजूला का कलते? छोट्या शिडाच्या होडीची डोलकाठी उभी करताना आणि उतरवताना येणारी नेहमीची अडचण

लक्षण असे असते. पिछाडीच्या घोडीवर, म्हणजे आधाराच्या चौकटीवर, टेकवलेली डोलकाठी पहिले दोन-तीन हात नीट वर येते. आडव्या रेषेशी साधारण तीस ते पन्नास अंशांचा कोन झाला की ती अचानक डावीकडे किंवा उजवीकडे कलते, बाजूच्या तारा सैल लोंबत असतात, बुडाशी बिजागरी करकरते आणि पुढे दोर ओढणारा माणूस ओढू की सोडू या विचारात अडकतो. काठी पूर्ण उभी झाली की मात्र सारे जागच्या जागी बसते, तारा ताणल्या जातात आणि मघाशी काही घडलेच नव्हते असे वाटू लागते. हा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो, त्याचे कारणही हेच आहे.

आमची होडी सहा मीटर लांबीची आहे. चौघा मित्रांनी ती जुनी विकत घेतली आणि नेरूळच्या बाजूला खाडीकाठी, कोळीवाड्याच्या धक्क्यालगत ती ठेवलेली असते. तिची ॲल्युमिनियमची काठी सात मीटरची असून तारा-दोरांसकट वजन अठरा किलोच्या आसपास आहे. मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यापूर्वी ती उतरवावी लागते आणि ऑक्टोबरात पुन्हा उभी करावी लागते. शिवाय वाशीच्या पुलांखालून ऐरोलीच्या दिशेने जायचे झाले तर मधल्या काळातही एकदा उतरवणे आणि एकदा चढवणे आलेच. म्हणजे वर्षाकाठी सात-आठ वेळा हे काम होते आणि पहिल्या तीन मोसमांत त्यातल्या बहुतेक वेळा काठी कलली. प्रत्येक वेळी आम्ही निराळे कारण शोधले. कधी वाऱ्याला दोष दिला, कधी शेजारून गेलेल्या यांत्रिक होडीने उठवलेल्या लाटेला आणि बहुतेकदा बाजूची तार धरून उभ्या असलेल्या बिचाऱ्या माणसाला.

तिसऱ्या वर्षी वारा पडलेला होता, पाणी आरशासारखे होते आणि तार धरणारा आमच्यातला सर्वांत धिप्पाड गडी होता. तरीही काठी कलली, या वेळी हातून सुटली आणि उजव्या बाजूच्या कठड्यावर आपटली. कोणाला इजा झाली नाही, कारण सुदैवाने त्या बाजूला कोणी उभे नव्हते. परंतु बिजागरीचा बोल्ट वाकला, तिचे एक पाखे फाकले आणि काठीला बोटभर खोल पोच आला. वाकलेला बोल्ट बाजूला ठेवून मोजपट्टी हातात घेतली, तेव्हा कुठे खरे कारण समजले.

कारण: तारांचे टोक आणि बिजागरीचा आस एका रेषेत नसणे

काठी बिजागरीभोवती फिरते. बिजागरीच्या खिळीतून आरपार जाणारी एक काल्पनिक सरळ रेषा होडीच्या दोन्ही कडांपर्यंत ओढली, तर तो झाला फिरण्याचा आस. बाजूच्या तारेचे खालचे टोक नेमके या आसावर असेल, तर काठी आडवी असो, अर्ध्यावर असो वा उभी असो, त्या टोकापासून काठीवरच्या बिंदूपर्यंतचे अंतर तेवढेच राहते आणि तार सर्व वेळ सारखीच ताणलेली असते. दाराच्या कडीला बांधलेला दोर बिजागरीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाशी अडकवला तर दार उघडताना तो सैलही होत नाही आणि ताणलाही जात नाही, तसेच हे आहे.

परंतु बहुतेक छोट्या होड्यांत बाजूच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात, त्या चेनप्लेट काठीच्या बुडापेक्षा थोड्या मागे बसवलेल्या असतात. शीड भरल्यावर काठी मागून तोलली जावी यासाठी ती रचना अगदी योग्य असते. मात्र काठी पिछाडीकडे उतरवायची झाली की ही योग्य रचनाच नडते, कारण काठी जशी मागे येते तसतसा तिचा वरचा भाग चेनप्लेटच्या जवळ येतो आणि तार सैल पडते. चेनप्लेट बिजागरीपेक्षा खालच्या पातळीवर असतील, म्हणजे काठी केबिनच्या छतावर आणि चेनप्लेट खाली डेकच्या कडेला असतील, तर ही ढिलाई आणखी वाढते. याउलट चेनप्लेट आसाच्या पुढे किंवा वर असतील, तर उतरवताना तारा ताणल्या जाऊन काहीतरी तुटण्याची वेळ येते. तसे असेल तर काठी मागे झुकवण्यापूर्वीच टर्नबकल, म्हणजे तार आवळायचे आट्याचे साधन, सैल करावे लागते.

आमच्या होडीची मापे सांगतो. चेनप्लेट आसाच्या वीस सेंटिमीटर मागे आहेत, काठीच्या मध्यरेषेपासून एक मीटर बाहेर आहेत आणि तारा काठीला सहा मीटर उंचीवर अडकतात. या मापांवरून हिशेब केला तर काठी पूर्ण आडवी असताना, तारा जोडलेल्या असूनही, ती त्या उंचीवर दोन्ही बाजूंना एक मीटर वीस सेंटिमीटर डोलू शकते. पंचेचाळीस अंशांवर हा झोल सुमारे पंच्याऐंशी सेंटिमीटर असतो आणि काठी उभी होताच तो शून्यावर येतो. आडवी असताना काठी घोडीवर टेकलेली असते म्हणून तो झोल जाणवत नाही, उभी असताना तो नसतोच. जेव्हा काठीला ना घोडीचा आधार असतो ना तारांचा, त्या मधल्या पट्ट्यात तो उघडा पडतो. यात वाऱ्याचा दोष नव्हता आणि आमच्या धिप्पाड मित्राचाही नव्हता.

बिजागरी का वाकली याचेही उत्तर यातच आहे. सहा मीटरवर पंच्याऐंशी सेंटिमीटर कलणे म्हणजे साधारण आठ अंश. अठरा किलोच्या काठीचा गुरुत्वमध्य बुडापासून तीन मीटर तीस सेंटिमीटरवर धरला, तर तेवढ्या कलण्याने बिजागरीवर जो पिळा बसतो, तो तिच्या दहा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पाख्यांना पेलायचा असतो आणि प्रत्येक पाख्यावर ऐंशी किलोंहून अधिक भार येतो. तोही काठी शांतपणे कलली तर. झटक्याने कलली तर किती येतो याचा पुरावा तो वाकलेला बोल्ट आजही आमच्या हत्यारांच्या पेटीत आहे.

आपल्या होडीत हाच दोष आहे का, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. बिजागरीचा बोल्ट काढावा आणि त्याच्या छिद्रातून एक सरळ सळई किंवा विजेच्या वायरिंगचा अरुंद पाइप आरपार घालावा. तो होडीच्या कडेला जिथे पोहोचेल तिथे खडूने खूण करावी आणि डेकपासून त्याची उंचीही टिपून ठेवावी. त्या खुणेपासून चेनप्लेटचे छिद्र किती मागे, पुढे, वर किंवा खाली आहे ते मोजावे. अंतर बोटभर असेल तर दुर्लक्ष केले तरी चालेल, वीतभर असेल तर पुढचे वाचावे.

उपाय: उभारणीपुरत्या वेगळ्या बाजूच्या दोऱ्या

कायमच्या तारांची जागा बदलायची नाही, कारण त्या शीड चालवण्यासाठी बरोबर जागी आहेत. फक्त उभारणी आणि उतरवणी यांसाठी दोन्ही बाजूंना एकेक तात्पुरती दोरी लावायची आणि तिचे खालचे टोक नेमके आसावर आणायचे. आम्ही खडूच्या खुणेवर दोन्ही कडांना स्टेनलेस स्टीलची एकेक कडी बसवली, प्रत्येक कडी चार बोल्टांनी घट्ट केली आणि डेकच्या खालून जाड पत्र्याची आधारपट्टी दिली. स्क्रूवर भागवण्याचा मोह आवरावा, कारण फायबरच्या डेकमधून स्क्रू उपटून यायला वेळ लागत नाही. बिजागरीची खीळ डेकपासून सहा सेंटिमीटर उंच होती आणि कडी दोन सेंटिमीटरच उंच बसत होती, म्हणून तिच्याखाली चार सेंटिमीटर जाडीचा सागाचा ठोकळा दिला. ही चार सेंटिमीटर उगाच नाहीत. पहिल्या प्रयत्नात आम्ही ठोकळ्याशिवाय कडी बसवून पाहिली होती आणि आडव्या काठीला दोरी थोडी सैलच पडत होती.

दोरीचे वरचे टोक काठीच्या साधारण मध्यावर, अडीच ते तीन मीटरवर, पक्क्या कडीला किंवा शॅकलने अडकवावे. काठी घोडीवर असतानाच दोन्ही दोऱ्या सारख्या ताणून बांधाव्यात आणि मग हातांनी काठी दोन-तीन अंश उचलून खाली ठेवून पाहावी. या दोऱ्यांसाठी ताण न खाणारा आठ किंवा दहा मिलिमीटरचा पॉलिस्टरचा दोर घ्यावा. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो, त्यामुळे तो असून नसल्यासारखा होतो. धक्क्यावर सहज मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असला तरी उन्हाने तो वर्षभरात ठिसूळ होतो आणि गाठीत घसरतो, म्हणून तो जाळ्यांसाठीच राहू द्यावा.

काठी केबिनच्या छतावर असेल तर आस हवेत येतो आणि कडी बसवायला तिथे काही नसते. अशा वेळी एक लोखंडी रिंग घेऊन तिला दोन आखूड दोर बांधतात, एक कठड्याच्या पुढच्या खांबाच्या बुडाला आणि एक मागे, आणि दोन्ही ताणल्यावर रिंग आसाच्या पातळीला येऊन बसेल अशी त्यांची लांबी ठरवतात. रिंगमधून वर जाणारी दोरी काठीला जाते. यात एकच काळजी घ्यायची असते. काठी आडवी असताना सारी ओढ मागच्या दिशेने असते, त्यामुळे पुढचा आखूड दोर सैल राहिला तर रिंग मागे सरकते आणि मूळचा दोष पुन्हा येतो.

ओढ कुठून घ्यावी

कलण्याचा दोष दूर झाल्यावर दुसरा उघड झाला, जो आधी पहिल्याच्या आड लपला होता. काठीची पुढची तार, म्हणजे फोरस्टे, हातात धरून नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, ओढली की सुरुवातीला काठी जागची हलत नाही आणि हलली की एकदम उसळते. आमच्याकडे ‘हय्या हो’ म्हणत झटका देऊन ओढण्याची जुनी सवय आहे. होडी वाळूवर ओढायला ती उत्तम आहे, परंतु डोलकाठीला प्रत्येक झटका म्हणजे बिजागरीवर एक घाव असतो.

जागचे न हलण्याचे कारण कोनात आहे. काठी घोडीवर दहा अंशांवर टेकलेली असताना तिच्या साडेसहा मीटर उंचीवरून निघालेली तार नाळेपर्यंत जवळजवळ काठीला समांतर जाते. काठीच्या बुडापासून नाळ दोन मीटर चाळीस सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर फिरवण्यासाठी मिळणारा हात अवघा तीस सेंटिमीटरचा असतो. तीन मीटर तीस सेंटिमीटरवरचे अठरा किलो वजन तीस सेंटिमीटरच्या हाताने फिरवायचे, म्हणून सुरुवातीची ओढ एकशे नव्वद किलोंच्या घरात जाते. त्यातली बहुतेक ओढ काठीला बुडाकडे दाबण्यातच वाया जाते आणि बिजागरी ढिली असेल तर बूड पुढे सटकते.

यावर उपाय म्हणजे जिन पोल. आम्ही त्याला थट्टेने ‘आडकाठी’ म्हणतो, जरी ती आडकाठी करत नसून उलट वाट मोकळी करते. दोन मीटर लांबीचा जाड ॲल्युमिनियमचा पाइप काठीच्या बुडाशी, काठीला काटकोनात बसवायचा. काठी आडवी असते तेव्हा तो उभा असतो. काठीवरून येणारी पुढची तार किंवा उभारणीचा दोर त्याच्या टोकाला बांधायचा आणि त्याच टोकापासून नाळेपर्यंत कप्प्यांचा दोर घ्यायचा. आता फिरवण्याचा हात दीड मीटरचा होतो आणि तीच काठी उचलायला एकोणचाळीस किलोंची ओढ पुरते. चौपट फायदा देणाऱ्या कप्प्या लावल्या तर, घर्षण धरूनही, हाताला बारा-चौदा किलोच लागतात. पंचेचाळीस अंशांवर हीच ओढ निम्म्यावर येते, म्हणजे काम जसजसे पुढे जाते तसतसे हलके होते. आता एकटा माणूसही ओढू शकतो आणि उरलेले तिघे डोळे उघडे ठेवू शकतात, जे ओढण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

जिन पोलच्या दोन नेहमीच्या तक्रारी असतात. पहिली अशी की तो स्वतःच बाजूला लवंडतो. काठीला लागू असलेला नियम त्यालाही लागू आहे, म्हणून त्याच्या टोकापासून दोन दोऱ्या घेऊन त्या आसावरच्या त्याच कड्यांना बांधाव्यात. दुसरी तक्रार अशी की काठी जवळजवळ उभी झाली असताना कप्प्या एकमेकींना टेकतात आणि शेवटचे पाच-सात अंश राहून जातात. काठी उभी झाली की जिन पोल आडवा होऊन त्याचे टोक नाळेच्या दिशेने येते, म्हणून त्याची लांबी बूड ते नाळ या अंतरापेक्षा किमान चाळीस सेंटिमीटर कमी असावी. आमचा पहिला पाइप लांब निघाला आणि अखेर हॅकसॉ चालवावी लागली.

बूड, बिजागरी आणि टर्नबकल

बिजागरीचा बोल्ट साध्या लोखंडाचा असेल तर खाडीच्या खाऱ्या हवेत तो दोन मोसमांत फुगतो आणि ॲल्युमिनियमला खातो. स्टेनलेसचा बोल्टही ॲल्युमिनियमला खातोच, फक्त सावकाश, म्हणून त्यावर ग्रीस आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर हवेत. छिद्र गोल न राहता अंडाकृती झाले असेल तर काठी पहिल्या दोन अंशांतच तिरपी निघते आणि त्यावर दोऱ्यांचा उपाय चालत नाही. ते छिद्र मोठे करून धातूची नळी बसवणे, हाच मार्ग उरतो. आमची बिजागरी पूर्वीच्या मालकाने एका कारखान्यात बसवून घेतली होती आणि तिथे वापरलेला बोल्ट छिद्रापेक्षा एक मिलिमीटर बारीक होता. तो आम्ही तीन वर्षे बदलला नाही, हा आमचा आळस.

टर्नबकलकडे लक्ष न देणे ही सर्वांत सामान्य चूक असावी. काठी खाली असताना बाजूच्या तारा सैल असतात आणि टर्नबकल आडवे पडलेले किंवा कडेच्या पट्टीत अडकलेले असतात. काठी वर जाताना तार ताणली जाते आणि अडकलेला टर्नबकल सरळ होण्याऐवजी त्याचा आटा वाकतो. वाकलेला आटा हाताने सरळ करून वापरू नये. त्यात पडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्या चांगल्या वाऱ्यात ती काठीसकट हिशेब चुकता करते. चेनप्लेट आणि टर्नबकल यांच्यामध्ये दोन्ही दिशांना हलणारा सांधा असावा आणि टर्नबकल उभा राहावा म्हणून त्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा सरकवून ठेवावा. आणखी एक सवय सांगतो. तारेवरून जुने सुती फडके हलक्या हाताने ओढून पाहावे. ज्या ठिकाणी सूत अडकते त्या ठिकाणी तारेचा एखादा पदर तुटलेला असतो. उघड्या हाताने तपासले तर बोट फाटते.

जागा, पाणी आणि वेळ

गाळात बसलेल्या होडीवर हे काम करू नये. ओहोटीला होडी गाळात टेकते तेव्हा ती सपाट बसल्यासारखी दिसते, परंतु पाच अंशांचा कल डोळ्यांना सहज चुकवतो आणि सात मीटरच्या काठीच्या टोकाशी तो साठ सेंटिमीटर होतो. तरंगत असताना काम करायचे तर भरती पूर्ण होऊन पाणी थबकते तो वेळ साधावा. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, हे थबकणे फार थोडा वेळ टिकते आणि भांगाच्या दिवशी, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी संथ असते, म्हणून तिथीकडेही पाहावे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, एवढे लक्षात ठेवले तरी आठवड्याचे नियोजन करता येते. वाऱ्याच्या बाबतीत सकाळ उत्तम. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पहाटेचे मतलई वारे मंद असतात आणि दुपारी खारे वारे सुटले की खाडी चुरगळते. नाळ वाऱ्याकडे ठेवावी.

ट्रेलरवर काम करणार असाल तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवावा आणि चाकांना ओट द्यावी. सुट्या ट्रेलरवर काठी मागे झुकलेली आणि दोन माणसे पिछाडीला उभी, असे झाले की ट्रेलर तराजूसारखा मागे बसतो.

पुलाखालून जायचे असेल तर पुलाची उंची नकाशातून एकदा पाहून भागत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे ओहोटीला सहज मिळणारी जागा भरतीला नसते. आम्ही दोन्ही वेळा काठी उतरवतोच. पुलाच्या खांबांपाशी प्रवाह आखडून वेग घेतो, म्हणून उतरवण्याचे काम पुलापासून चांगले अंतर राखून, नांगर टाकून करावे. पुलाजवळ जाऊन घाईघाईने काठी खाली घेणारे पाहिले आहेत. त्यांचे लक्ष पुलाकडे असते आणि काठीकडे कोणाचेच नसते.

वर पाहणे

इतर सर्व चुकांत काठी मोडते, या चुकीत माणूस मरतो. नवी मुंबईच्या खाडीकाठी उच्चदाबाच्या वाहिन्या ठिकठिकाणी खाजणावरून गेलेल्या आहेत आणि धक्क्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर साध्या विजेच्या तारा लोंबत असतात. ॲल्युमिनियमच्या काठीतून वीज उतरते, कार्बन फायबरच्या काठीतूनही उतरते आणि ओल्या लाकडाच्या काठीवरही भरवसा ठेवता येत नाही. उच्चदाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी उडी मारते. म्हणून काठीला हात लावण्यापूर्वी एका माणसाने केवळ आकाशाकडे पाहत होडीभोवती फेरी मारावी. आणि काठी उभी असलेली होडी ट्रेलरवर धक्क्यापर्यंत ढकलत नेऊ नये. काठी उभी करायची ती पाण्याजवळ पोहोचल्यावर, आणि परत येताना पाण्याजवळच उतरवायची.

तरीही काठी तारेला लागलीच तर होडीत असलेल्यांनी होडीतच थांबावे. खाली असलेल्यांनी होडीला, ट्रेलरला किंवा लोंबणाऱ्या दोराला हात न लावता दूर जावे, आणि दूर जाताना पाय न उचलता घासत जावे. एक पाय होडीत आणि एक जमिनीवर, ही सर्वांत घातक स्थिती. रबरी चपला आणि ट्रेलरचे टायर येथे रक्षण करत नाहीत. महावितरणला १९१२ क्रमांकावर किंवा ११२ ला कळवावे आणि वीज बंद झाल्याचे सांगितले जाईपर्यंत कोणीही जवळ येऊ नये.

उतरवताना

चढवण्यापेक्षा उतरवणे सोपे वाटते आणि म्हणूनच त्यात अधिक अपघात होतात. चढवताना भार सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि कमी होत जातो, उतरवताना नेमके उलट घडते. उभी काठी हाताने धरता येते, पहिल्या वीस अंशांत दोर हलका वाटतो, माणूस सैलावतो आणि काठी आडवी होत आली की तोच दोर हातातून कातडे घेऊन जातो. दोर कधीही नुसत्या हातात धरू नये. क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) किंवा विंचला (दोर गुंडाळायच्या फिरत्या ढोलाला) किमान तीन वेढे असावेत आणि सोडणाऱ्याने ते वेढे घसरवत सोडावेत. हातमोजे घालावेत, परंतु मोजे आहेत म्हणून वेढे कमी करू नयेत.

पुढच्या तारेची खीळ काढण्यापूर्वी जिन पोल, आसावरच्या दोऱ्या आणि कप्प्यांचा दोर, हे तिन्ही बांधून ताणलेले आहेत हे एकाने मोठ्याने म्हणावे आणि दुसऱ्याने हात लावून पाहावे. बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा), शीड आणि काठीला बांधलेले सर्व सैल दोर आधीच काढून घ्यावेत. ज्या होडीला मागची तार आहे तिथे काठी हलायलाच तयार नसेल, तर मागच्या तारेवर हलकी ओढ देऊन तिला पहिले चार-पाच अंश मागे आणावे लागते. पुढे उभे राहून काठीला धक्का मारू नये. काठीच्या खाली आणि तिच्या मागच्या रेषेत कोणीही नसावे, आणि काम चालू असताना थांबवण्याचा शब्द एकच असावा. आमच्याकडे तो ‘थांब’ आहे, तो कोणीही उच्चारू शकतो आणि उच्चारल्यावर कारण विचारायचे नसते.

शेवटची खीळ बसत नसेल तर

काठी उभी झाली, तरी पुढच्या तारेची खीळ नाळेवरच्या छिद्रात बसायला बोटभर कमी पडते, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिला दोष म्हणावे की प्रथा, कळत नाही. जोर लावून उपयोग नसतो. आधी आसावरच्या दोऱ्या पाहाव्यात, कारण त्यांचे खालचे टोक आसावरून थोडेही मागे किंवा खाली असेल तर त्याच काठीला मागे धरून ठेवतात. मग मागची तार पूर्ण सैल आहे का ते पाहावे. त्यानंतर बाजूच्या तारांच्या टर्नबकलमध्ये कोणी मागच्या खेपेला फेरे वाढवून ठेवलेत का ते तपासावे. चेनप्लेट आसाच्या मागे असल्याने तारा घट्ट असतील तर त्या काठीला पुढे येऊ देत नाहीत. आम्ही आता उतरवण्यापूर्वी प्रत्येक टर्नबकलच्या आट्यावर रंगीत चिकटपट्टी लावून त्याची जागा खुणावतो, दोन्ही बाजूंना मोजून पाच फेरे सैल करतो आणि काठी उभी राहून पुढची खीळ बसली की तेवढेच फेरे परत घट्ट करतो. खिळीत स्प्लिट पिन घालून तिची टोके वाकवतो आणि वरून चिकटपट्टी गुंडाळतो, नाहीतर पुढचे शीड तिच्यावर फाटते. आसावरच्या दोन दोऱ्या, कप्प्यांचा संच आणि कापून आखूड केलेला जिन पोल हे सारे एकाच पिशवीत बांधून केबिनमध्ये डाव्या फळीखाली जाते, आणि लाल पट्टीची दोरी डावीकडची हे पिशवीवरच लिहिलेले आहे.